फॅरो नको, शेतकरी हवा

इजिप्तवरच्या कादंबऱ्यांत सगळे फॅरो (म्हणजे तिथले राजे) आणि क्लिओपात्राच का, साधी माणसं कुठे गेली, हा प्रश्न मलाही पडायचा. अपवाद म्हणून अगाथा ख्रिस्तीची १९४४ची 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड' वाचून बघा. रहस्य म्हणून मला बेताची वाटली, शेवटी शेवटी तर मुडदे पडण्याचा सपाटाच आहे! पण त्यातलं प्राचीन इजिप्तमधलं साधं घर मात्र अस्सल उतरलंय.

कारण त्या घरामागे खरी पत्रं आहेत. हेकानख्त नावाचा शेतकरी, अंत्यविधीची पूजाअर्चाही बघायचा. त्याने सुमारे ४००० वर्षांपूर्वी परगावाहून घरी पाठवलेली पत्रं १९२१-२२च्या उत्खननात इजिप्तमधल्या देर अल-बहारीजवळच्या थडग्यात मिळाली. म्हातारा भलता खट आहे. तुम्ही घरी नवे सातू खाता आणि मला जुने, वाळके पाठवता, म्हणून झापतो. मग माणशी किती धान्य द्यायचं ते नावानिशी लिहितो. घरातल्या धाकट्या स्नेफ्रूचे मात्र सगळे लाड पुरवायचे. आणि नव्या बायकोला छळणाऱ्या सेनेन नावाच्या मोलकरणीला ताबडतोब हाकला! हे वाचताना आमच्या वाड्यातले एक आजोबाच डोळ्यांसमोर आले.

यातली नवी बायको उचलून ख्रिस्तीने तिचा खून पाडला. मला विचाराल तर खुनाची गरजच नव्हती. त्या सातूच्या भांडणावरच तीनशे पानं सहज निघाली असती.