गुलाबाच्या बुडाशी गाठी, कापल्या तरी परत येतात

वावरातला_गुलाब:
रामराम भाऊ. हिंगणघाटजवळ दहा गुंठ्यात गुलाब हाये, दोन वर्सं झाली. बुडाशी मातीला लागून खडबडीत गाठी आल्या, पयले बोराएवढ्या होत्या आता लिंबाएवढ्या झाल्या. कृषी केंद्रवाल्यानं सांगतलं म्हणून कापून कॉपरचा लेप लावला, दोन महिन्यात परत तिथंच, अन आता बाजूच्या ओळीतबी. झाडं खुजी राह्यली, फूल बारीक. काय मारू?

काळीमाती:
काईच मारू नका. हा क्राऊन गॉल, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू. जखमेतून घुसते अन आपल्या जनुकाचा तुकडा झाडाच्या पेशीत टाकून देते, मंग झाड सोताच गाठ वाढवणारे हार्मोन बनवत राह्यते. जिवाणू मेला तरी गाठ वाढतेच, म्हणून तुमचे कॉपरचे पैसे पाण्यात गेले. छाटणी सगळी एकाच कात्रीनं केली काय?

वावरातला_गुलाब:
हो ना बाप्पा, एकाच. अन निंदताना बायांचं खुरपंबी बुडाले लागते कधीमधी.

संत्रावाला:
एक झाड उपटून पाहा आधी. नुसत्या बारीक मुळ्यांवर मण्यासारख्या गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हंजे मातीतली बारीक अळी, आमच्या वांग्यात होती ते, तिचा इलाज वेगळा.

काळीमाती:
बरोबर. पण बुडाशी लिंबाएवढी म्हणजे क्राऊन गॉलच वाटते. गाठवाली झाडं मुळासकट काढा अन जाळा, उकिरड्यावर टाकसान तर खतासंगं परत वावरात येईन. कात्री, खुरपं दर झाडाले स्पिरिटनं पुसा, कंटाळा येते पण तेच खरं काम हाये. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राह्यते, त्या जागी गुलाब, शेवंती नको, निशिगंध लावा, एकदल पिकाले हा रोग सहसा धरत नाही. के-८४ नावाचा एक चांगला जिवाणू हाये, ऑस्ट्रेलियातला, त्याच्या पाण्यात रोपाची मुळं बुडवून लावतात. पण ते निरोगी रोपालेच, गाठ आल्यावर त्याचा काई उपयोग नाही.

अंगणातली_जाई:
माझ्या गुलाबाला सहा वर्षं झाली गाठ आहे, फुलं येतात, मी तर काढणार नाही बाई 😄

काळीमाती:
एकटं झाड राहू द्या ताई, फक्त त्याचं कलम कोणाले देऊ नका.

वावरातला_गुलाब:
आज ४० झाडं काढली. पिशवीतच राह्यलेली दोन रोपं होती नर्सरीची, त्यायले पाह्यलं तर डोळा भरल्या जागी, म्हंजे कलम बांधलं तिथंच, वटाण्याएवढी गाठ! म्हंजे घरी आणतानाच आणली. निशिगंधाचे कंद वर्ध्याकडे कुठं भेटतीन?