मदत हवी आहे : रोझेट तेजोमेघाच्या नॅरोबँड छायाचित्रासाठी कोणती रंगयोजना निवडावी?

नमस्कार,

मी जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि गेली चार वर्षे शेतातल्या आखाड्यावरून तेजोमेघांची छायाचित्रे घेत आहे. या हिवाळ्यात रोझेट तेजोमेघाची, म्हणजे गुलाबासारख्या दिसणाऱ्या वायूच्या मेघाची, साडेनऊ तासांची नॅरोबँड चित्रे (फिल्टरने प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टा निवडून घेतलेली) जमली आहेत. परंतु ती रंगांत कशी मांडावीत याचा निर्णय महिनाभर होत नसल्याने जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

साहित्य असे आहे : थंड केलेला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि हायड्रोजन, ऑक्सिजन व सल्फर यांच्या प्रकाशाचा ७ नॅनोमीटरचाच पट्टा जाऊ देणारे तीन फिल्टर. ३०० सेकंदांची हायड्रोजन-आल्फाची ४८, ऑक्सिजन-थ्रीची ३६ आणि सल्फर-टूची ३० चित्रे स्टॅक केली आहेत, म्हणजे प्रत्येक फिल्टरची चित्रे एकमेकांवर रचून एक केली आहेत. जालना शहराचा उजेड आमच्या उत्तरेला राहतो आणि रोझेट दक्षिणेकडे ७५ अंशांपर्यंत वर चढतो, त्यामुळे आकाशाबद्दल तक्रार नाही. चंद्रप्रकाशाचा सर्वाधिक त्रास ऑक्सिजनच्या फिल्टरला होतो म्हणून ती चित्रे अमावास्येच्या आसपास घेतली. सल्फरच्या वेळी मात्र शेजारच्या शाळूला रात्रीच्या लाइटवर पाणी सुरू होते आणि त्या ओलीमुळे भिंगावर दव बसत राहिले. सल्फरचा संकेत मुळातच क्षीण, त्यात हे. तो स्टॅक तिन्हींमध्ये सर्वांत दुबळा आहे.

पहिला प्रयत्न एसएचओ पद्धतीचा केला, म्हणजे सल्फर चित्राच्या लाल वाहिनीत (लाल रंगाच्या थरात), हायड्रोजन हिरव्या आणि ऑक्सिजन निळ्या. हायड्रोजन बाकी दोघांपेक्षा कितीतरी प्रबळ असल्याने सगळा तेजोमेघ हिरवागार झाला. नेमके त्या दिवशी हुरड्यासाठी पाहुणे शेतात आलेले होते. लॅपटॉपवरचे चित्र आणि हातातला हुरडा एकाच रंगाचे पाहून मामांनी विचारले, "हे आभाळात असंच हाय, का तूच रंगिवलंस?" मला सरळ उत्तर देता आले नाही, आणि माझी खरी अडचण तेव्हापासून सुरू झाली.

त्यानंतर सिरिल या चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील हिरवा रंग काढण्याची सोय वापरली. चित्र सोनेरी-निळे झाले, पण पाकळ्यांसारख्या कडांचा तपशील सपाट झाला आणि तारे जांभळे दिसू लागले. मग सल्फर बाजूला ठेवून एचओओ केले, म्हणजे हायड्रोजन लाल आणि ऑक्सिजन हिरव्या व निळ्या अशा दोन्ही वाहिन्यांत. हे चित्र शांत आणि देखणे आहे. बाहेर तांबडे कडे, मध्यभागी मोरपंखी पोकळी. परंतु अडीच तासांचा सल्फर वाया गेल्याची चुटपुट लागते, आणि घेतलेले मोजमाप केवळ शोभेसाठी वगळावे काय, हाही प्रश्न पडतो.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला हे चित्र तीन फूट रुंदीत छापून शाळेच्या व्हरांड्यात लावायचे आहे. मुले मामांचाच प्रश्न विचारणार, हे उघड आहे. म्हणून मला हे जाणून घ्यायचे आहे की क्षीण सल्फर ताणून (म्हणजे उजळवून) हायड्रोजनच्या बरोबरीला आणणे कितपत योग्य आहे, हिरवेपणा घालवण्याचा याहून बरा मार्ग कोणता, आणि छपाईत कोणती रंगयोजना टिकते.

प्रतिसाद १

सर, हिरवा काढण्याची ती सोय सर्वसाधारण छायाचित्रांसाठी आहे. तेजोमेघांत निखळ हिरवा सहसा नसतो, या गृहीतावर ती प्रत्येक पिक्सेलमधला हिरवा लाल आणि निळ्याच्या सरासरीवर आणून थांबवते. आपण हिरव्या वाहिनीत हायड्रोजन ठेवला आहे, म्हणजे कात्री बसली ती आपल्या चार तासांच्या सर्वोत्तम चित्रांना. कडा सपाट झाल्या त्या यामुळे.

त्याऐवजी तिन्ही स्टॅकमधून तारे स्टारनेट या सॉफ्टवेअरने आधी वेगळे करा, प्रत्येक स्टॅक स्वतंत्रपणे ताणा आणि पार्श्वभूमी तिन्हींत सारखी आल्यावरच एकत्र करा. सल्फर ताणण्यापूर्वी त्यातील नॉइज (दाणेदारपणा) कमी करून घ्यावा. तो थोडा मऊ झाला तरी चालतो, कारण रंगातला मऊपणा डोळ्यांना फारसा जाणवत नाही. बारीक तपशील प्रकाशमानतेतून (चित्राच्या उजळपणाच्या थरातून) येतो. मात्र एकट्या हायड्रोजनला प्रकाशमानता म्हणून वापरू नका, मधली ऑक्सिजनची पोकळी काळवंडेल. तिन्हींचे मिश्रण घ्या.

मिश्रणासाठी माझे सुरुवातीचे प्रमाण असे असते : लाल वाहिनीत निम्मा सल्फर व निम्मा हायड्रोजन, हिरवीत ८५ टक्के ऑक्सिजन व १५ टक्के हायड्रोजन, आणि निळीत संपूर्ण ऑक्सिजन. हे पिक्सेलमॅथमध्ये (सॉफ्टवेअरमधील पिक्सेलच्या गणिताच्या सोयीत) दोन मिनिटांत होते. हिरवेपणा यात उद्भवतच नाही, त्यामुळे काढावाही लागत नाही. पुढे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पिक्सेलगणिक बदलणारी फोराक्स पद्धतही करून पाहावी. ताऱ्यांसाठी साध्या रंगीत कॅमेऱ्याने अर्धा तास चित्रे घेऊन तेच तारे परत बसवले, तर जांभळ्या ताऱ्यांची कटकट कायमची मिटते.

छपाईबद्दल एकच सांगतो, फ्लेक्सवर छापू नका. गडद तांबडा आणि मोरपंखी हे दोन्ही रंग तिथे मळतात. फोटो लॅबमध्ये कागदावर आधी वीतभर नमुना छापून घ्या, आणि पडद्यावर ठीक वाटते त्यापेक्षा चित्र थोडे उजळ ठेवा.

प्रतिसाद २

वरील तांत्रिक सल्ल्याशी सहमत आहे. "तूच रंगिवलंस का" या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो, कारण त्याचे उत्तर वाटते तितके अवघड नाही.

हायड्रोजन-आल्फाची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर, सल्फरची रेषाजोडी सुमारे ६७२ नॅनोमीटरवर आणि ऑक्सिजनची मुख्य रेषा ५००.७ नॅनोमीटरवर आहे. रेषा म्हणजे त्या वायूचा ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश. यांपैकी हायड्रोजन व सल्फरच्या रेषा डोळ्यांना सारख्याच तांबड्या दिसतात. त्यामुळे 'खऱ्या' रंगांचा आग्रह धरला, तर सल्फर कुठे आहे हे कधीच दिसणार नाही. एसएचओमध्ये सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा आणि सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा मिळतो; अनुक्रम निसर्गाचाच राहतो, फक्त अंतरे वाढवलेली असतात. हबल दुर्बिणीने १९९५ साली गरुड तेजोमेघातील स्तंभांचे जे प्रसिद्ध चित्र घेतले, ते याच पद्धतीचे आहे.

सल्फर ताणण्यातही खोटेपणा नाही, मात्र त्या चित्रावरून सल्फर हायड्रोजनइतकाच आहे असे कोणी म्हणू नये. रंग 'कुठे' हे सांगतो, 'किती' हे सांगत नाही. आणि 'कुठे' यालाच इथे महत्त्व आहे : ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन निघण्यासाठी अतितप्त ताऱ्यांचे प्रखर किरण लागतात, म्हणून तो एनजीसी २२४४ या मधल्या तारकागुच्छाभोवती चमकतो, सल्फरचा एक इलेक्ट्रॉन निघायला हायड्रोजनपेक्षाही कमी ऊर्जा पुरते, म्हणून तो बाहेरच्या कडांवर उठून दिसतो. आपल्या सोनेरी कडांत आणि निळ्या पोकळीत हीच उतरंड दिसते.

एचओओ निवडल्यास निळ्या वाहिनीत थोडा हायड्रोजन मिसळावा. हायड्रोजनची ४८६ नॅनोमीटरची निळसर बीटा रेषाही तेजोमेघात असते आणि ती आल्फाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतकी भरते. मधल्या धुळीमुळे त्याहून कमीच. १५ ते २० टक्के मिसळले की भडक तांबडा जाऊन गुलाबी छटा येते, आणि ती डोळ्यांना दिसेल त्या रंगाला अधिक जवळची आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री सुचवलेल्या प्रमाणाने मिश्रण केले आणि हिरवेपणा खरोखर उद्भवला नाही. कडा सोनेरी आल्या आहेत आणि पोकळीतला निळा एचओओपेक्षाही स्वच्छ आहे. साध्या रंगीत कॅमेऱ्याने ताऱ्यांची चित्रे येत्या शनिवारी घेईन. शाळूचे पाणी तोवर आटोपलेले असेल.

प्रदर्शनाबाबत असे ठरवले आहे की सोनेरी-निळे चित्र मोठे छापावे आणि त्याखाली तिन्ही स्टॅक कृष्णधवल स्वरूपात, प्रत्येकी वहीच्या पानाएवढे, फिल्टरचे नाव लिहून लावावेत. शेजारी पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर लाल, हिरवा आणि निळा जिलेटीन कागद बांधलेल्या तीन बॅटऱ्या ठेवीन, म्हणजे लाल आणि हिरवा उजेड एकत्र पडला की पिवळा कसा होतो, हे मुले स्वतः करून पाहतील. मामांनाही त्या दिवशी बोलावले आहे.

एक शंका राहिली आहे. बाजारातला हिरवा जिलेटीन कागद पोपटी निघतो आणि त्याचा लालशी मिळून होणारा पिवळा फिका पडतो. कागद दुहेरी करावा, की कोणी दुसरा उपाय वापरला आहे?