मदत हवी आहे: जुनं टेबल, नव्या खुर्च्या, गुडघ्यांना जागा नाही

जुनं सागवानी जेवणाचं टेबल घेतलंय, खुर्च्या नव्या घ्यायच्या आहेत. टेबलाची उंची ७५ सेंमी, पण फळीखालची आडवी पट्टी एवढी रुंद की तिच्याखाली जमिनीपासून जेमतेम ५८ सेंमी उरतात. नव्या खुर्च्यांची बैठक साधारण ४५ सेंमीवर असते. एक लावून पाहिली, मांड्या घासल्याच. गादी काढूनही फारसा फरक नाही.

पट्टी तासायची नाही. सांधे खुंट्यांचे आहेत, ते ढिले व्हायला नकोत. पॉलिशही लाखेचंच ठेवायचंय (खालून स्पिरिटचा बोळा फिरवला तर चिकट झालं, म्हणजे लाखच). रंग जुळलाच पाहिजे असा हट्ट नाही. अर्धवट जुळलेला रंग जास्त खटकतो. घरात वयस्कर माणसं असल्याने बुटक्या खुर्च्या नकोत.

पायांखाली ठोकळे देऊन टेबल किती उचललं तर जेवताना खांदे अवघडणार नाहीत? आणि ठोकळे पायांना खिळे न मारता कसे बसवायचे?