विमानतळ ते हॉटेल : तुमचं गाडं कुठे अडलं?

कृष्णाकाठ

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन लंडनला जायचंय. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आईच्या गुडघ्याचा पट्टा नवा आणला. अडलंय एवढंच की हीथ्रोवर उतरल्यावर हॉटेलपर्यंत जायचं कसं.

मी स्वतः २०१९ मध्ये कामासाठी एकटी गेले होते. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, पिकॅडिली लाइनची मेट्रो पकड, स्वस्त आहे, कुठे बदलायची नाही. खरंच होतं ते. विमानतळावरच गाडीत बसले, तासाभरात शहराच्या मध्यात. मनात म्हटलं, लोक उगाच घाबरतात. पण उतरल्यावर फलाट आणि लिफ्ट यांच्यामध्येच एक जिना निघाला. पंधरा-वीस पायऱ्या असतील. हातात तेवीस किलोची बॅग, पाठीवर लॅपटॉप, आणि एका मैत्रिणीसाठी आईने दिलेली लोणच्याची बरणी कापडी पिशवीत. मी बॅग एका पायरीवर टेकवत, दम खात चढत होते. मागून एक उंच बाई आली, बॅगेचं खालचं टोक उचललं, वरपर्यंत आणून ठेवलं आणि निघून गेली. मी 'थँक्यू' म्हणेपर्यंत ती वळणाआड.

बाहेर आल्यावर फोनमधला निळा ठिपका गरागरा फिरत होता. हॉटेलवाल्यांनी 'स्टेशनपासून ४ मिनिटं' लिहिलेलं. बॅग ओढत मला वीस लागली, त्यातली सात उलट दिशेला. हॉटेल जुन्या घरात, खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हापासून 'ऐतिहासिक वास्तू' असं वाचलं की मी आधी लिफ्टची चौकशी करते.

आता २०२२ पासून हीथ्रोहून शहरात जाणारी एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे आहे. तिच्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. भाडं पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त. हीथ्रो एक्स्प्रेस पॅडिंग्टन स्टेशनला पंधरा मिनिटांत नेते, पण आमचं हॉटेल पॅडिंग्टनला नाही, म्हणजे पुढे पुन्हा टॅक्सी. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं आणि चार बॅगा घेऊन तुम्ही काय कराल? लंडनच हवं असं नाही, कुठल्याही शहराचं सांगा. फक्त 'कॅब केली, पोचलो' एवढ्यावर भागवू नका. गाडं कुठे अडलं ते लिहा.

खडकमाळ

लंडन पाहिलेलं नाही, दिल्लीचं सांगतो. टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो झकास आहे. वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन. सौ. म्हणाली, पुण्यात एवढ्या वेळात लोहगावातून बाहेरसुद्धा पडत नाही आपण.

हॉटेल पहाडगंजला घेतलेलं, नकाशावर स्टेशनला अगदी चिकटून. पण स्टेशनला दोन बाजू असतात हे आमच्या डोक्यातच नाही. ही मेट्रो अजमेरी गेटच्या अंगाला बाहेर काढते, पहाडगंज रुळांच्या पलीकडे. मध्ये सोळा फलाट. पादचारी पुलाच्या तोंडाशी गळ्यात पट्टा अडकवलेला एक इसम उभा. "कहाँ जाना है? उधर का रास्ता बंद है, जुलूस है. आपका होटल भी बंद है." शेजारच्या 'टूरिस्ट ऑफिसात' चला म्हणाला, दुसरं हॉटेल करून देतो. मला निम्मं पटलं होतं. सौ.ने तिथेच हॉटेलला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मैडम, बंद होटल का फोन कौन उठाता है?" पट्टेवाला तोवर गायब.

पूल ओलांडला, बॅगा डोक्यावर घेतल्यासारख्याच. तिथे राहणार असाल तर मेट्रो स्टेशनाबाहेर रिक्षा करा आणि वळसा घालून जा. कनॉट प्लेसला राहणार असाल तर त्याच मेट्रोने शिवाजी स्टेडियमला उतरा, तिथून जवळ पडतं. परतीला मात्र या मेट्रोसारखं सुख नाही. काही विमान कंपन्यांचं सामान नवी दिल्ली मेट्रो स्टेशनातच जमा होतं. आम्ही दुपारी बॅगा देऊन टाकल्या आणि मोकळ्या हातांनी चांदणी चौकात परांठे खाल्ले.

एकटी प्रवासी

दुबई, थोडक्यात. मेट्रोची स्टेशनं टर्मिनल १ आणि ३ ला आहेत, २ ला नाहीत. मी उतरले २ ला, तेही पहाटे तीनला, म्हणजे स्टेशन असतं तरी मेट्रो बंदच. बाहेर गुलाबी टपाच्या टॅक्सीची रांग आहे का ते बघा. चालक बाई असते, एकट्या बायकांना आणि कुटुंबांना घेतात. विमानतळावरून टॅक्सीचं मीटर पंचवीस दिऱ्हमपासून सुरू होतं, ते बघून दचकू नका. हॉटेल देरा भागात असेल तर फार लांब नाही. मेट्रोने जाणार असाल तर माणशी एक मोठी आणि एक छोटी बॅग एवढीच परवानगी आहे. भाच्याच्या मुंजीचं सामान घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पणजीकर

गोव्याचं कुणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे विमानतळ दोन. दाबोळी जुना, वास्कोजवळ. मोपा पेडण्यात, ५ जानेवारी २०२३ पासून सुरू. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा'च लिहिलेलं असतं. कोड बघा, दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. मडगावात हॉटेल आणि तिकीट मोपाचं, असे पाहुणे आमच्या घरी वर्षातून दोनदा तरी येतात आणि टॅक्सीचा दर ऐकून आधी पाणी मागतात. अख्खा गोवा उभा कापायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? उलट सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना मोपा म्हणजे परसदारच.

मुंबई-पुण्यात फोनवर ज्या कॅब बोलावता त्या इथे येत नाहीत. गोव्याचं स्वतःचं अॅप आहे, नाहीतर विमानतळावरचा प्रीपेड टॅक्सीचा काउंटर. पण मी सांगीन कदंबाची, म्हणजे आमची सरकारी बस. मोपाहून विजेवरची बस पणजीला येते. सामान ठेवायला जागा, एसी, आणि टॅक्सीच्या मानाने भाडं अगदीच किरकोळ. बस पणजीच्या स्टँडवर सोडते.

आता पुढचा भाग. हॉटेल पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत घेतलं असेल तर स्टँडवरून पूल ओलांडला की ओउरेमची खाडी, खाडीच्या काठाने गेलात की आलंच. चालत पंधरा मिनिटं. एकटे असाल आणि पाठीवर एकच पिशवी असेल तर पायलट करा. पायलट म्हणजे काळी-पिवळी मोटारसायकल, मागे बसायचं. दर आधी ठरवायचा. एकदा एका पाहुण्याने ट्रॉली बॅग मांडीवर आडवी धरली. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना लाल-निळ्या भिंती. बॅगेच्या चाकाने एका भिंतीवर जी रेघ ओढली ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसत होती. घरमालकीण अजून मला विचारते, तो तुमचाच ना?

दोन बॅगा एक पिशवी

पणजीकर, दोन विमानतळांचं दुखणं बँकॉकला फार महाग पडतं. आम्ही ठाण्याचे सहाजण. जाताना सुवर्णभूमी विमानतळावर उतरलो, येतानाचं तिकीट स्वस्त म्हणून वेगळ्या कंपनीचं काढलेलं.

जातानाचं आधी सांगतो, ते छान झालं. आगमनाच्या मजल्यावर "टॅक्सी, टॅक्सी" करत अंगावर येणाऱ्यांकडे बघायचं नाही. खाली पहिल्या मजल्यावर जायचं. तिथे यंत्र आहे, बटण दाबलं की चिठ्ठी येते, चिठ्ठीवर जो आकडा त्या खांबापाशी तुमची टॅक्सी उभी. भाडं मीटरप्रमाणे, वर विमानतळाचे पन्नास बाथ, आणि द्रुतगती मार्गाचा टोल आपण द्यायचा. टोलनाका आला की चालक मागे हात करतो. आमच्या काकांना वाटलं हात मिळवतोय, त्यांनी मिळवला. चालक इतका हसला की मागच्या गाडीने हॉर्न दिला.

एकटे-दुकटे असाल आणि सामान बेताचं असेल तर तळघरातून रेल्वे आहे, फाया थाईपर्यंत पंचेचाळीस बाथ, अर्धा तास. तिथे शहरात पुलावरून धावणारी बीटीएस गाडी मिळते. आम्ही सहाजण आणि नऊ नग, म्हणून टॅक्सीच बरी पडली.

आता येतानाचं. हॉटेल सीलोमला. आदल्या रात्री मीच खाली काउंटरवर सांगून आलो, "एअरपोर्ट, सिक्स ओ'क्लॉक, टू टॅक्सी." कुठला एअरपोर्ट हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आम्ही सुवर्णभूमीला उतरलो, ट्रॉल्या भरल्या, फलकावर आमचं विमान शोधतोय. नाही. पुतणीने तिकीट उघडलं, त्यावर डीएमके. डॉन म्युआंग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन विमानतळांमध्ये फुकट बस असते, त्या दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं की बसता येतं, पण बसची वाट बघण्याएवढा वेळ आमच्याकडे नव्हता. पुन्हा दोन टॅक्सी, पुन्हा टोल. एका टॅक्सीतले चौघे पोचले. दुसरीत मी आणि काका. आमच्यापुढे काउंटर बंद झाला. काका तेव्हापासून मला 'सिक्स ओ'क्लॉक' म्हणतात.

ऑरेंज सिटी

मुंबईचं कोणी का नाही सांगून राहिलं? मी नागपूरहून मंत्रालयाच्या कामासाठी दर दोन महिन्यांनी येतो, मुक्काम फोर्टातल्या एका जुन्या लॉजवर. पूर्वी विमान सव्वा तासाचं आणि टॅक्सी दोन तासांची. माहीमला अडकलो की काळी-पिवळीवाला इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेई.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि आपलं आयुष्यच बदललं बाप्पा. टर्मिनल १ आणि २ ला वेगवेगळी स्टेशनं आहेत. हुतात्मा चौकाला उतरलो की लॉज समोरच. मंत्रालयाचं काम असलं तर विधान भवन. पाऊण तास धरा, भाडं सत्तर रुपयांच्या आत.

दोन गोष्टी मात्र सांगतो. पहाटे सहा-साडेसहाच्या विमानाला ही मेट्रो कामाची नाही, इतक्या लवकर सुरूच होत नाही. रात्री उशिरा उतरलात तरी तेच, मग प्रीपेड काळी-पिवळी. आणि भुयारी स्टेशनातून बाहेर निघायला भरपूर वाटा असतात. पहिल्या खेपेस मी चुकीच्या दारानं वर आलो आणि रस्त्याच्या पलीकडे लॉजची पाटी दिसत असून दहा मिनिटं जायला जागा सापडेना. आता लॉजच्या मॅनेजरलाच विचारतो, "तुमच्या बाजूचं दार कोणतं?" त्याला बरोबर माहीत असते.

हो, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. आता मुंबईच्या तिकिटावरही कोड बघायचा. फोर्टात काम आणि तिकीट एनएमआयचं असलं तर सिक्स ओ'क्लॉक!

मुक्काम पोस्ट

ऑरेंज सिटींना दारांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. तोक्योत पत्ता सांगतानाच दाराचा क्रमांक सांगतात.

नारिता विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटर, टॅक्सीचा विचारही करू नका. स्कायलायनर ही जलद गाडी चाळीसेक मिनिटांत शहरातल्या उएनोला नेते. पण आमचं हॉटेल आसाकुसाला होतं, म्हणून आम्ही त्याच रेल्वे कंपनीची साधी गाडी घेतली. वेळ तासभर, पण थेट आसाकुसा, गाडी बदलायची नाही. बॅगा घेऊन गाडी बदलण्यात वाचवलेली वीस मिनिटं तिथेच खर्च होतात.

त्यापेक्षाही चांगलं म्हणजे बॅगा बरोबर न्यायच्याच नाहीत. विमानतळावर आगमनाच्या दालनात सामान पोचवणाऱ्यांचे काउंटर असतात, ताक्क्युबिन म्हणतात त्याला. एका बॅगेचे साधारण दोन-तीन हजार येन. हॉटेलचा पत्ता दिला की दुसऱ्या दिवशी बॅग हॉटेलात. सासूबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी बॅगेच्या साखळीला आधीच देवघरातला लाल दोरा बांधलेला, वर पावतीचे तीन फोटो काढले. रात्री साडी नाही म्हणून माझ्या टी-शर्टात झोपल्या. एका रात्रीचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, हे काउंटरवर जायच्या आधी, नंतर नाही. दुसऱ्या दिवशी बॅग आली तेव्हा दोरा जागेवर होता.

कृष्णाकाठ, लंडनच्या मेट्रोत बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर तिघांना नेता येत नाही. आई-बाबांच्या हातात एकेक कार्ड द्या आणि घरीच दाराच्या चौकटीवर टेकवायचा सराव करून घ्या. हसू नका, आम्ही केलाय.

जर्सीवाला

न्यूयॉर्क. जेएफके विमानतळाहून मॅनहॅटनला पिवळी टॅक्सी ठरीव ७० डॉलर. पण टोल, अधिभार आणि टिप धरून शंभरीच्या आसपास तयारी ठेवा. टर्मिनलच्या आत कुणी टॅक्सी विचारायला आला तर मान हलवून पुढे चला, खरी टॅक्सी बाहेर रांगेत असते. दुसऱ्या, लाग्वार्डिया विमानतळाहून ठरीव भाडं नाही, मीटर. आमच्याकडे न्यू जर्सीला येणाऱ्यांनी इथल्या न्यूअर्क विमानतळावरच उतरावं, मी घ्यायला येतो. हॉटेलचा प्रश्नच नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. पणजीकरांची भिंत आणि सिक्स ओ'क्लॉक मोठ्याने वाचून दाखवलं, बाबा खोकेपर्यंत हसले.

काल रात्री हॉटेल बदललं. आधी स्टेशन निवडलं, मग हॉटेल. एलिझाबेथ लाइनवर टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरायचं, हीथ्रोहून एकच गाडी. नवीन हॉटेलवाल्यांना मेल करून दोन प्रश्न विचारले: लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, आणि स्टेशनाच्या कुठल्या दाराने बाहेर पडायचं. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं. दुसऱ्याला त्यांनी नकाशाच पाठवला, लाल पेनने बाण काढून. आईने त्याची छापील प्रत काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे. दाराच्या चौकटीवर कार्ड टेकवणं आज संध्याकाळपासून सुरू.