खरेदीखत तोंडावर आलंय आणि वारसांचा प्रश्न निघालाय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात कोथरूडला जुना फ्लॅट घेतोय. सगळं ठरलं होतं. २६ तारखेला रजिस्ट्रेशन, ३१ तारखेला भाड्याचं घर सोडायचं. परवा बँकेच्या वकिलांनी एक शंका काढली आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

इमारत १९९४ सालची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा, लिफ्ट नाही. किंमत ९२ लाख ठरली आहे. २ लाख टोकन दिलंय. टोकन पावतीवर ४५ दिवसांची मुदत आहे, त्यातले ३१ दिवस गेले. ‘खरेदीदाराने मुदतीत व्यवहार पूर्ण न केल्यास रक्कम परत मिळणार नाही’ असं त्यात लिहिलेलं आहे. कर्ज ७० लाख मंजूर झालंय आणि उरलेले २० लाख आम्ही एफडी मोडून खात्यात आणून ठेवलेत. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतोय, कारण बाईच्या नावावर मुद्रांक ७ ऐवजी ६ टक्के लागतो, म्हणजे आमचे ९२ हजार वाचतात. अहो सहकर्जदार आहेत.

विकणाऱ्या काकू ७१ वर्षांच्या. एकट्या राहतात, जिने झेपत नाहीत म्हणून बाणेरला मुलाकडे जाणार आहेत. माणूस अगदी सरळ आहे. पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा पावसाळ्यात कुठल्या खिडकीतून पाणी येतं तेही त्यांनी आपणहून दाखवलं.

आता अडचण. बिल्डरशी झालेला १९९४ चा करारनामा फक्त काकांच्या नावावर आहे. काका २०१९ साली गेले. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून काकूंचं नाव होतं, त्यामुळे सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर करून दिलं. ते मी हातात घेऊन बघितलंय. कडा पिवळ्या पडलेल्या, मागच्या बाजूच्या रकान्यात वर काकांचं नाव निळ्या शाईत, त्याखाली काकूंचं काळ्या शाईत, आणि नव्या नोंदीवर सोसायटीचा गोल शिक्का. ते बघून आम्हाला वाटलं की मालकीचा विषय संपला.

बँकेचे वकील म्हणतात, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. काकांच्या मागे जेवढे वारस आहेत त्या सगळ्यांचा हिस्सा आहे. मुलगा आणि दोन्ही मुलींचं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, नोंदवून आणा, मगच चेक निघेल.

एजंट म्हणतो, “असे पन्नास व्यवहार केलेत मॅडम, काकूंचं प्रतिज्ञापत्र दिलं की काम होतं. ही बँक करत नसेल तर दुसरी बघू.” मला हे पटत नाहीये. आज बँक बदलली तरी पुढे आम्ही विकायला निघालो की हाच प्रश्न आमच्या दारात येणार.

मुलांमध्ये वाद नाही. मुलगा इथेच, धाकटी नाशिकला, थोरली न्यू जर्सीत. थोरलीशी व्हिडिओ कॉलवर बोलले. ती म्हणाली, “घर आईचंच आहे, मला काही नको, सांगाल तिथे सही करते.” पण दिवाळीपर्यंत तिचं येणं शक्य नाही. एजंटने आणखी एक तोडगा काढला की तिघा मुलांनाही खरेदीखतात विक्रेते म्हणून घाला. त्यावर आमचे सीए म्हणाले की विक्रेत्यांत अनिवासी आली की तिच्या हिश्श्याचा टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदाराने कापून भरायचा आयकर) १ टक्क्याने कापून चालत नाही, तो नियम वेगळा आणि दर बराच जास्त.

काकूंना हे सांगायला मीच गेले होते. त्यांनी काही न बोलता कपाटातून स्टीलचा डबा काढला. त्यात मालमत्ता कराच्या पावत्या, वर्षावर्षाच्या गड्ड्या करून रबर लावून ठेवलेल्या. काही रबरं वाळून कागदाला चिकटली होती. म्हणाल्या, “काका फिरतीवर असायचे. हा प्रत्येक कर रांगेत उभं राहून मी भरलाय. आणि आता मुलांनी सोडलं तर घर माझं?” मला काय उत्तर द्यावं कळेना. त्यांना दुखवायचं नाहीये आणि कच्चा कागदही घ्यायचा नाहीये.

तर विचारायचं असं, की थोरलीने तिकडे बसून हक्कसोड कसं करायचं आणि त्याला साधारण किती वेळ लागतो? २६ तारीख धरून ठेवावी की सोडून द्यावी? मुद्रांकाचं चलन आत्ता भरून ठेवलं तर चालेल का? एजंट मागे लागलाय. आणि सोसायटीचे सेक्रेटरी हस्तांतरणासाठी ६० हजार मागतायत, ‘रंगकाम निधी’ म्हणून. ते द्यावेच लागतात का?

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, बँकेच्या वकिलांचे आभार माना. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट झालं म्हणजे सोसायटीला पत्रव्यवहार कुणाशी करायचा ते ठरलं, एवढंच. मालकी वारसाहक्काने जाते. काका मृत्युपत्राविना गेले, म्हणजे काकू आणि तीन मुलं, चौघांचा सारखा हिस्सा. काकूंना असं सांगा की मुलं त्यांना घर ‘देत’ नाहीयेत, स्वतःच्या नावाला कायद्याने चिकटलेला हिस्सा ती सोडून देतायत. माझ्या आईला असं समजावलं तेव्हा तिचं मन शांत झालं होतं.

चलन आत्ता भरू नका. हक्कसोडपत्र नोंदलं गेलं, त्याची इंडेक्स टू (नोंदणीचा अधिकृत उतारा) हातात आली, बँकेच्या वकिलांनी हिरवा कंदील दाखवला, की मग भरा. व्यवहार अडला तर भरलेल्या मुद्रांकाचा परतावा मागता येतो, पण त्यात कपात होते आणि हेलपाटे वेगळे. तुमच्या बाबतीत ९२ लाखांवर ६ टक्के म्हणजे ५ लाख ५२ हजार अडकतील. नोंदणी शुल्क ३० हजार, ते वेगळं.

आधी एक काम आजच करा. टोकनची मुदत वाढवून घ्या, लेखी. मुदत वाढवण्याचं कारण ‘विक्रेत्याकडील वारसांच्या कागदपत्रांची पूर्तता’ असंच स्पष्ट लिहा, म्हणजे उशिराचा ठपका तुमच्यावर येणार नाही. काकूंची सही, मुलाची साक्षीदार म्हणून सही. तोवर एक रुपयाही जास्त देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी.

प्रतिसाद २

माझा भाऊ अमेरिकेत आहे, आम्ही मागच्या वर्षी हेच केलं. थोरलीने भारतातल्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं, म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार त्याला लेखी द्यायचा. तिथल्या नोटरीसमोर सही आणि त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र), किंवा मग भारतीय दूतावासात. कुठलं चालेल ते आधी आपल्या वकिलांना विचारून ठरवा. मसुदा इथूनच पाठवा. त्यात फ्लॅटचा पूर्ण तपशील हवा आणि ‘आईच्या लाभात विनामोबदला हक्कसोडपत्र करून नोंदवून देणे’ हे शब्द हवेत. मोघम लिहिलं तर निबंधक कार्यालयात अडतं.

मूळ कागद कुरिअरने यायला हवा, स्कॅन चालत नाही. तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरून घ्यायचा. हे फार जण विसरतात.

आणि नाव! आमची वहिनी यातच अडकली होती. तुमच्या थोरलीच्या पासपोर्टवर सासरचं नाव असणार, आणि काकूंकडच्या जुन्या कागदांवर माहेरचं. मुखत्यारपत्रात दोन्ही नावं लिहा, ‘लग्नापूर्वीचे नाव’ म्हणून. विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा. आम्हाला सगळं मिळून पाच आठवडे लागले. २६ तारीख सोडा, घरमालकांशी बोलून एक महिना वाढवून घ्या.

टीडीएसचं म्हणाल तर थोरलीने विनामोबदला हक्क सोडला की ती विक्रेती राहत नाही. मग विक्रेत्या काकू एकट्या. त्यांच्या पॅनवर १ टक्का, म्हणजे ९२ हजार कापून भरायचे. ते त्यांच्या विवरणपत्रात दिसतात, बुडत नाहीत. हेही काकूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी रक्कम कमी आली असं वाटतं.

प्रतिसाद ३

सगळ्यांनी चौघांचा हिस्सा धरलाय. एक विचारू का? २०१९ मध्ये काका गेले तेव्हा काकांची आई हयात होती का? हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको आणि मुलांच्या बरोबरीने आईही पहिल्या वर्गातली वारस असते. असली तर हिस्से चार नाहीत, पाच.

धागाकर्ती

खूप खूप आभार. प्रतिसाद ३ वाचून हातपाय गार पडले. लगेच काकूंच्या मुलाला फोन केला. आजी होत्या. सातारा जिल्ह्यात गावी धाकट्या काकांकडे राहायच्या, २०२१ साली गेल्या. काकांना एक भाऊ आणि एक बहीण आहे, बहीण कराडला असते. आजींचंही मृत्युपत्र नाही. ही गोष्ट ना एजंटने विचारली, ना बँकेने, ना आम्हाला सुचली. आता काय करायचं?

प्रतिसाद ३

घाबरू नका, वेळेत कळलं हे महत्त्वाचं. आजींचा पाचवा हिस्सा आजींच्या वारसांकडे जातो. म्हणजे धाकटे काका एक भाग, कराडच्या आत्या एक भाग, आणि तुमचे काका आधीच गेल्यामुळे त्यांच्या तीन मुलांचा मिळून एक भाग. आजोबाही आधीच गेलेले असतील असं धरतो, खात्री करा. थोडक्यात धाकटे काका आणि आत्या यांच्या नावाला पंधरावा-पंधरावा हिस्सा लागतो. लहान आहे, पण त्यांची सही नसेल तर कागदात भोक राहतं.

मार्ग दोन. एकाच हक्कसोडपत्रात मुलगा, धाकटी, थोरलीतर्फे मुखत्यार, धाकटे काका आणि आत्या, सगळ्यांनी काकूंच्या लाभात हक्क सोडायचा. किंवा धाकटे काका आणि आत्या यांना खरेदीखतात ‘मान्यता देणार’ (विक्रीला संमती म्हणून सही करणारे) म्हणून घ्यायचं. मला पहिला मार्ग स्वच्छ वाटतो, कारण मग खरेदीखत फक्त काकू आणि तुमच्यात होतं. दीर आणि नणंद भावजयीच्या नावे हक्क सोडतात तेव्हा मुद्रांक कोणत्या दराने लागेल, ते वकिलांकडून आधीच काढून घ्या. यांपैकी जे कराल ते बँकेच्या वकिलांना मसुदा दाखवून, ईमेलवर होकार घेऊनच करा.

तुमच्या स्वतःच्या वकिलांकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्या, १४ दिवसांची. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो, तुमचा वेगळा हवा.

प्रतिसाद १

हे लक्षात यायला हवं होतं, माझं चुकलं. वरचा हिशेब दुरुस्त समजावा.

सोसायटीचं राहिलं होतं. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार घेता येतं, ९ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. त्याउपर निधी, देणगी असल्या नावाने सक्ती करता येत नाही. सेक्रेटरींना भांडणाच्या सुरात नको, पत्राने विचारा की ६० हजार कोणत्या ठरावानुसार, आणि ठरावाची प्रत मागा. बहुतेक वेळा आकडा तिथेच खाली येतो.

राहायला गेल्यावर महापालिकेत मालमत्ता कराला नाव लावताना पीटी-३ अर्ज विसरू नका. स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत त्यावरच मिळते.

धागाकर्ती

काल संध्याकाळी काकूंकडे गेलो, मुलगाही आला होता. मुदतवाढीचा कागद झाला, ६० दिवस, वर सांगितलेल्या शब्दांत. घरमालकांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत राहायला हो म्हटलंय. एजंट नाराज आहे, त्याला तसं राहू दे.

धाकट्या काकांना फोन काकूंनीच लावला, स्पीकरवर. दोन वर्षांत बोलणं नव्हतं म्हणे. सुरुवातीला दोघंही नुसते पावसापाण्याचं बोलत होते. मग काकूंनी सांगितलं, आईंच्या नावचा हिस्सा निघालाय, तुमची आणि वन्संची सही लागेल. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. मग म्हणाले, “वहिनी, तारीख कळवा, ताईला घेऊन मी येतो. एसटीने सकाळी निघालो की दुपारपर्यंत पोचतो.”

काकूंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या.

मुखत्यारपत्राचा मसुदा उद्या न्यू जर्सीला जाईल, दोन्ही नावांसकट. एकच राहिलंय. आजींचा मृत्यूचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीचा आहे आणि त्यावर आजींचं नाव ‘बाई’ लावून लिहिलंय, आधारवर तसं नाही. याला प्रतिज्ञापत्र पुरतं की दाखला दुरुस्त करून घ्यावा लागेल? ग्रामपंचायतीच्या कामाचा अनुभव असलेल्यांनी सांगा.