छापील कॉकपिट लावलं म्हणजे मॉडेलर मेला?

पातळ सिमेंट:
परवा एका जुन्या मॉडेलरचं लिखाण वाचलं आणि दोन दिवस ते डोक्यातून जाईना. सारांश असा: "विमानांची स्केल मॉडेल्स करणं हा आता छंद राहिला नाही, नुसती खरेदी झाली. किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आपसूक बसतं, कॉकपिट थ्रीडी प्रिंटरवर छापून येतं, कॅनपीवर (कॉकपिटच्या काचेवर) रंग लागू नये म्हणून चिकटवायचे मास्क कापून येतात. मॉडेलर मेला, गिऱ्हाईक उरलं." त्याखाली "अगदी मनातलं बोललात"ची रांग. माझ्या मनातलं ते अजिबात नव्हतं, म्हणून इथे फोरमवर लिहिते. लांबेल.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, विमान म्हणजे लाकूड. स्कायबर्ड्स कंपनीच्या किटमध्ये लाकडाचे तुकडे आणि धातूचे बारीकसारीक भाग असत. पंखाला खरा आकार यायचा तो तुमच्या कानशीने. १९३६ साली फ्रॉग कंपनीने पेंग्विन मालिका काढली, सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकची. पूर्ण प्लास्टिकची ती जगातली पहिली विमान किट्स. आकार थेट साच्यातून आला. मग त्या साली छंद मेला का? कोरायचं काम गेलं, सांधे भरायचं आलं. पुढे ब्रशच्या जागी रंग फवारणारा एअरब्रश आला, फोटो-एच (पातळ पत्र्यात कोरलेले धातूचे बारीक भाग) आलं, रेझिनचे सुटे भाग आले. दर खेपेला आधीच्या पिढीने हेच म्हटलं असणार, की आता सोपं झालं, आता यात काही राहिलं नाही.

मी स्वतः वर्षानुवर्षं उपकरणांच्या डायली हाताने काढल्या. खाली पांढरा रंग, वर काळा, मग सुईच्या टोकाने खरवडून काटे. १/७२ मध्ये एक डायल मिलिमीटरभराची. ते काम मला आवडायचं. पण कॅनपी चिकटवली की ते कोणालाच दिसत नसे, मलाही नाही. आता छापील पॅनेल पाच मिनिटांत बसतं आणि वाचलेल्या आठवड्यात मी एकाच विमानाचे जुने फोटो घेऊन बसते: हे अमुक क्रमांकाचं यंत्र, त्याचं डावं दार नंतर बदललेलं, म्हणून त्याचा रंग वेगळा. असं पूर्वी कोण करत होतं? काम संपत नाही हो, सरकतं.

सहाशे नंबर:
ते लिखाण माझं नाही, पण रांगेत मान डोलावणाऱ्यांत मी होतो, म्हणून उत्तर देतो.

काम सरकतं हे अर्धंच खरं. काही काम सरकतं, काही कायमचं जातं, आणि जे जातं त्याच्याबरोबर हातही जातो. माझं पहिलं तिचाकी, म्हणजे नाकाखाली चाक असलेलं, विमान शेपटीवर बसलं, कारण नाकात वजन घालायचं मला माहीतच नव्हतं. नाक करवतीने कापलं, आत मासेमारीचं शिसं कोंबलं, पुन्हा जोडलं, पुट्टी भरली, घासलं, रंगवलं. त्या एका चुकीतून मी तोल शिकलो, पुट्टी शिकलो आणि धीर धरायलाही शिकलो. आता टामिया कंपनीच्या पी-३८ विमानाच्या १/४८ किटमध्ये नाकात बसवायच्या स्टीलच्या गोळ्याच डब्यात मिळतात. किट अप्रतिम आहे, मीही केलंय. आठवतं काय त्यातलं? काहीच नाही.

आठवतं ते थोड्याच प्रतींत निघालेलं एक किट. पंखाच्या मुळाशी दीड मिलिमीटर फट, डावा-उजवा भाग लांबीला सारखे नाहीत, कॅनपी पिवळी पडलेली. तीन आठवडे प्लास्टिकच्या पट्ट्या भरत बसलो. अँटेनाची तार मेणबत्तीवर स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात ती काडी, तापवून, ताणून केली. आजच्या मुलाला अशी फट दिसली की तो "किट भंगार" लिहितो आणि डबा बंद करतो. त्याला दुरुस्त करता येत नाही, कारण दुरुस्त करायची वेळच त्याच्यावर आलेली नाही.

रबरबँड:
तुम्ही दोघंही कपाटात ठेवायच्या वस्तूंवर भांडताय. १८७१ साली अल्फोन्स पेनो या फ्रेंच संशोधकाने रबराच्या पिळावर चालणारं छोटं मॉडेल पॅरिसमध्ये ११ सेकंद उडवून दाखवलं. मॉडेल विमान म्हणजे मूळचं ते. बाल्सा या हलक्या लाकडाची फासळी ब्लेडने कापली, वर टिश्यू कागद ताणला आणि हातातून सोडलं की ते तुम्हाला खरं-खोटं लगेच सांगतं. आमच्याकडेही फोमची तयार विमानं आली, चार स्क्रू लावा आणि उडवा. ती उडवणाऱ्यांना पडलेलं विमान दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे सहाशे नंबरांशी सहमत, फक्त ते दुखणं आमच्याकडे आधी आलंय.

कापरा हात:
हा धागा वाचून हात आणखी कापायला लागले, म्हणून उशिरा लिहितोय.

मला सहा वर्षांपासून कंप आहे. त्याआधी मी सहाशे नंबर म्हणतात तसलाच होतो. सीटचे पट्टे शिशाच्या पातळ पत्र्यातून कापायचे, बकल तारेचं, थ्रॉटलचा दांडा ताणलेल्या स्प्रूचा. छापील कॉकपिट लावणाऱ्यांबद्दल माझंही मत तेच होतं आणि मी ते चारचौघांत बोललोय. मग एक दिवस मला कॅनपीच्या कडेला सरळ रेघ मारता येईना. मास्क कापता येईना. टेबल आवरलं, एअरब्रश पुतण्याला दिला. दोन वर्षं डबे बघवत नव्हते.

त्याच पुतण्याने छापील पॅनेल आणि कापलेले मास्क आणून दिले. चिमटा दोन हातांनी धरतो, कोपर टेबलावर टेकवतो, आणि बसतं. गेल्या वर्षी एक हरिकेन लढाऊ विमान पूर्ण झालं. सांध्यावर एक ओरखडा आहे, तो मला घालवता आला नाही. मला "गिऱ्हाईक" म्हणणाऱ्याने समोर येऊन म्हणावं.

हातमोजे:
कापरा हात, मनापासून अभिनंदन. पण घरी रेझिन छापणाऱ्यांना एक सांगायचंय, विषयाला थोडं सोडून असलं तरी. मी वर्षभर उघड्या हातांनी छापील भाग धुतले. आता न वाळलेल्या रेझिनचा थेंब जरी लागला तरी मनगटापर्यंत पुरळ उठतं आणि डॉक्टर म्हणतात ही संवेदनशीलता आयुष्यभराची. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, आणि भाग अतिनील दिव्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय घासायचा नाही. एवढं करा, मग छंद मेला की जगला ते ठरवा.

राखाडी:
छापील कॉकपिट हा प्रश्नच नाही. या छंदाचा खरा ऱ्हास बाहेरच्या पृष्ठभागावर झालाय आणि त्यावर कोणी बोलत नाही. प्रत्येक पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याच्या रेघेत, काळा वॉश (रेघेत झिरपणारा पातळ रंग), आणि मुख्य रंगाखाली त्याच रेघांवर आधीच मारलेलं काळं प्रीशेडिंग. पांढरं विमानसुद्धा फरशी बसवल्यासारखं चौकटी-चौकटींचं दिसतं. गणित करा. १/७२ वर ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिमीची फट. एवढ्या फटीचं विमान धावपट्टीवर तरी येईल का? मॉडेल ३० सेंटिमीटरवरून बघता, म्हणजे खरं विमान २१ मीटरवरून. तिथून डोळ्याला ६ मिमीच्या आतले बारकावे वेगळे दिसत नाहीत. पत्र्यांमधली फट त्याहून खूप कमी असते. मग ही काळी जाळी कुठून आली? एकाने केलं, फोटोत छान दिसलं, सगळ्यांनी केलं. विमान बघून कोणी रंगवत नाही, एकमेकांची मॉडेल्स बघून रंगवतात.

हँगर:
राखाडी, कागदावरचं गणित ठीक आहे, पण पोरांना झोडपण्याआधी जरा ऐका. मी बावीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली. २१ मीटरवरून रेघा दिसतात. फट दिसत नाही, फटीतून झिरपलेलं तेल दिसतं, कडेला साचलेला मळ दिसतो. आणि सहा मिलिमीटर हा हिशेब दोन ठिपके वेगळे ओळखण्याचा आहे. उजळ आकाशासमोर एकटी काळी तार माणसाला त्याहून कितीतरी बारीक असली तरी दिसते. विजेच्या तारा आठवा.

राखाडी:
म्हणजे सगळ्या रेघांना काळा वॉश योग्य? बावीस वर्षांत तुम्ही असं फरशीचं विमान पाहिलंत? हो किंवा नाही सांगा.

हँगर:
आवाज चढवू नका. असं विमान नाही पाहिलं, आणि सगळ्या रेघांना वॉश द्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. जे दार रोज उघडतं त्याच्या कडा काळ्या होतात. इंजिनाची झाकणं, इंधनाचं तोंड, दारूगोळ्याची दारं. जिथे पत्रा पत्र्याला कायमचा रिव्हेट केलाय ती रेघ वर्षानुवर्षं स्वच्छ राहते, रंगाखाली कधी कधी दिसतही नाही. कुठलं दार का उघडतं हे कळलं की वॉश कुठे द्यायचा ते आपोआप कळतं. मी तुमच्या बाजूचाच आहे, तुम्हाला ते ऐकायचं नाहीये.

पातळ सिमेंट:
धागा पॅनेल लाइनवर गेलाच आहे, तर मस्टँगचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ लढाऊ विमानाचं, बोलू या. पी-५१ च्या पंखाचा पुढचा भाग कारखान्यात पुट्टी भरून, घासून, वर चंदेरी रंग मारून गुळगुळीत केला जात असे, कारण त्या लॅमिनार पंखाला, म्हणजे हवा सलग थरांत वाहावी अशा आकाराच्या पंखाला, खडबडीत पृष्ठभाग चालत नव्हता. आणि जवळजवळ प्रत्येक किटमध्ये तिथे सुरेख कोरलेल्या रेघा आणि रिव्हेट असतात. आपण त्यात प्रेमाने वॉश भरतो. मीही भरलाय, दोन मॉडेल्सवर.

राखाडी:
हेच म्हणतोय मी पहिल्यापासून!

सहाशे नंबर:
आज उडणारी कितीतरी मस्टँग पॉलिश केलेल्या उघड्या पत्र्याची आहेत, रेघा-रिव्हेट लख्ख दिसतात. लोक तेच फोटो बघून युद्धातलं विमान रंगवतात. राखाडींचं एवढं मान्य. पण "कोणीच विमान बघत नाही" हे चूक आहे, बघतात, पण चुकीचं विमान बघतात.

आणि कापरा हात यांना: तुमच्यापुरता माझा शब्द मागे घेतो. बाकीच्यांपुरता नाही. तुमच्या हातांनी चाळीस वर्षं ते काम केलंय, म्हणून ओरखडा कुठे राहिला ते तुम्हाला कळतं. ज्याने कधी घासलंच नाही त्याला तो दिसतही नाही.

कापरा हात:
माझ्यापुरता मागे घेतलात, धन्यवाद. पण पुतण्यापुरताही घ्या. तो छापील कॉकपिटनेच सुरू झाला, शिशाचा पत्रा त्याने कधी कापला नाही, आणि तो ओरखडा त्यानेच मला दाखवला.

सहाशे नंबर:
बरं. पुतण्यापुरताही.

नवशिक्या:
माझं तिसरंच किट, मस्टँग १/४८. उद्या प्रायमर मारणार होतो, हे वाचून थांबलो. पंखावरच्या सगळ्या रेघा बुजवायच्या का? किट इतकं सुंदर आहे की हात लावायचं धाडस होत नाही.

हँगर:
सगळ्या नाहीत. बंदुकांचं आणि दारूगोळ्याचं दार, इंधनाचं तोंड, फ्लॅप आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) यांच्या कडा तशाच ठेवा. पुढच्या भागातल्या बाकीच्या बुजवा, रिव्हेटसकट. मागच्या भागाला हात लावू नका. आणि चंदेरी रंग पंखाला वेगळा, धडाला वेगळा. पंख रंगवलेला होता, धड उघड्या धातूचं. दोन्ही सारखे चमकले तर बुजवण्याची सगळी मेहनत वाया.

सहाशे नंबर:
पुट्टी वापरू नकोस, ती आकसते आणि महिन्याभराने रेघ पुन्हा वर येते. पातळ सुपरग्लू टाचणीच्या टोकाने रेघेत ओढ, एका वेळी एकच रेघ. तासाभरात घासायला घे, रात्रभर ठेवलास तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना बाजूचं प्लास्टिक खचतं. सहाशे नंबरचा सँडपेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून, पाण्यात भिजवून. मग हजारचा. जी दारं ठेवायची आहेत त्यांच्या कडांना आधी टेप लाव. राखाडी प्रायमरचा पातळ हात मार आणि दिव्याखाली तिरका धर. पहिल्या खेपेला चार-पाच जागी रेघ दिसेलच, घाबरू नकोस, पुन्हा भर. आणि फोटो टाक, प्रायमरनंतरचा, रंगानंतरचा नको.

नवशिक्या:
डाव्या पंखाचं झालं. दारूगोळ्याच्या दाराची एक कडा चुकून बुजली. ती परत कोरायची कशी?

पातळ सिमेंट:
जाड टेपची कड रेघेच्या जागी नीट बसव, त्या कडेने सुई ओढ, दाब न देता, दहा वेळा. एका दमात खोल जायचं नाही. माझी पहिली घसरली होती, ती बुजवून पुन्हा कोरली.