पर्यावरण पत्रकारांच्या कॉन्फरन्सला पहिल्यांदाच जातेय, फील्ड ट्रिप की वर्कशॉप?

निळी_शाई:
मंडळी, तीन दिवसांची कॉन्फरन्स आहे. मी फ्रीलान्स करते, म्हणजे खर्च स्वतःच्या खिशातून आणि तेवढे दिवस कमाई बंद. शेड्यूल उघडलं तर गरगरलंच, एकाच वेळी चार-चार सेशन्स, त्यात फील्ड ट्रिप आणि सॅटेलाइट डेटाचं वर्कशॉप नेमके एकाच दिवशी. कुठलं धरू? आणि तिथनं एखादी तरी स्टोरी मिळते का, की नुसती व्हिजिटिंग कार्डं घेऊन परत यायचं?

डेडलाईनग्रस्त:
ट्रिप. डोळे झाकून. आम्हाला एकदा सांडपाणी प्रकल्प दाखवला होता, एकदम चकाचक, साहेबांनी स्क्रीनकडे बोट दाखवून सांगितलं की आज बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) एवढा, आणि आम्ही सगळे माना खाली घालून लिहून घेतोय. मागे एक बाई होत्या, याच बीटवर केस पांढरे झालेल्या, त्या म्हणाल्या, अहो बीओडीची टेस्ट पाच दिवस चालते ना, नमुना 20 अंशाला ठेवून? मग आजचा आकडा आजच कसा? साहेब चाचरले. मग कळलं की तो सेन्सरचा अंदाज होता, लॅबचा रिझल्ट नव्हे, आणि सेन्सरवरच्या स्टिकरवरची कॅलिब्रेशनची तारीख कधीच उलटून गेलेली. झाली ना स्टोरी! येताना बसमध्ये धावत जाऊन त्यांच्या शेजारची सीट पकडली.

तिसरी_पाळी:
वर्कशॉपला एवढं हलकं नका घेऊ हो. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचं रेकॉर्ड 1972 पासूनचं आहे, युरोपचा सेंटिनेल-2 उपग्रह साधारण पाच दिवसांनी तीच जागा परत टिपतो, एक पिक्सेल 10 मीटरचा, आणि सगळं फुकट. पण स्लाइड्स बघून हे जमत नाही, कोणीतरी शेजारी बसून चुका काढायला लागतो. मी ढगाच्या सावलीला नवीन तळं समजून बातमीचा मथळासुद्धा ठरवून टाकला होता 😅 ढग असले की सेंटिनेल-1 चं रडार बघायचं, हे तिथे शिकलो.

निळी_शाई:
ढगाची सावली 😂 बरं अजून एक, सेशनमध्ये बोललेलं सगळं छापता येतं का?

जुना_स्ट्रिंगर:
सेशन सुरू व्हायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. चॅटम हाउस रूल म्हणाले तर माहिती वापरता येते पण कोण बोललं, कुठल्या संस्थेचं, हे सांगायचं नाही. ऑफ द रेकॉर्ड हे प्रकरण वेगळं, तिथे पेन बंद. आणि प्रायोजक कोण ते बघून ठेव. अमेरिकेतली सोसायटी ऑफ एन्व्हायर्नमेंटल जर्नलिस्ट्स 1990 पासूनची, ते पर्यावरणाच्या विषयात पीआर किंवा लॉबिंग करणाऱ्यांना सदस्य करून घेत नाहीत, पण चहाच्या टेबलाशी कोण येऊन गोड बोलेल त्याला कोण अडवणार? मी तर आधी गळ्यातलं कार्ड वाचतो, मग हात मिळवतो.

निळी_शाई:
ठरलं, ट्रिप. आत्ता बघितलं तर कचरा डेपोवर नेतायत, तिथल्या मिथेनबद्दल सांगणारेत म्हणे. काय विचारू?

डेडलाईनग्रस्त:
मोजला की मॉडेलने काढला, हे पहिलं. आणि जुने बूट घाल.